बॉक्सिंगचे चाहते रंग बघून गेले नाहीत

सप्टेंबर २०२५मध्ये लास व्हेगासच्या अलीजिअंट स्टेडियममध्ये टेरेन्स क्रॉफर्डने मेक्सिकोच्या सौल 'कॅनेलो' अल्वारेझला हरवलं. सत्तर हजारांवर लोक स्टेडियममध्ये होते आणि नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार चार कोटींहून जास्त प्रेक्षकांनी ती लढत पाहिली. नेब्रास्कातल्या ओमाहाचा हा कृष्णवर्णीय बॉक्सर दोन वजनगट ओलांडून वर आला होता. चार संघटना आपापला जगज्जेता ठरवतात अशा जमान्यात तीन वेगवेगळ्या गटांचा निर्विवाद विजेता (म्हणजे चारही पट्टे एकट्याकडे असलेला) झालेला तो पहिला पुरुष बॉक्सर. तरीही त्यानंतरची चर्चा गेली ती जुन्याच वळणावर. इतका गुणी माणूस अमेरिकेत घराघरांत का पोहोचला नाही? उत्तरंही ठरलेली. गोऱ्या प्रेक्षकाला आपल्या रंगाचा विजेता मिळेना म्हणून तो निघून गेला, मेक्सिकन माणूस फक्त मेक्सिकनासाठी तिकीट काढतो, काळा प्रेक्षक आपल्याच माणसाच्या मागे उभा राहत नाही. थोडक्यात, चाहता आपल्या वंशाला बांधलेला आणि त्या बांधिलकीतच बॉक्सिंग आटलं. याला विरोध करणारे दुसऱ्या टोकाला जातात. वंशाबिंशाचा काही संबंध नाही, लोकांना आता यूएफसी, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालणाऱ्या लढती, आवडतं, विषय संपला.

दोन्ही बाजू चुकीच्या आहेत, पण पहिली मला जास्त घातक वाटते, कारण ती अर्धी खरी आहे. अमेरिकेतला बॉक्सिंगचा धंदा वंशाच्या पायावर उभा राहिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची लोकप्रियता घसरली ती वंशामुळे नव्हे. नव्या बॉक्सरची ओळख चाहत्याला ज्या वाटांनी व्हायची, त्या वाटा या धंद्याने स्वतःच्या हाताने एकेक करून बंद केल्या. आता रिकाम्या खुर्च्यांचं खापर प्रेक्षकांच्या कातडीवर फोडलं जातंय.

आधी विरोधकांच्या बाजूचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन एल. सुलिव्हनने आपण काळ्या आव्हानवीराशी लढणार नाही असं उघड सांगितलं होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. जॅक जॉन्सनला हेवीवेटच्या विजेतेपदासाठी लढायला मिळालं ते १९०८मध्ये, तेही ऑस्ट्रेलियात, सिडनीला. तो जिंकल्यावर निवृत्त जिम जेफ्रिसला 'गोऱ्यांची आशा' म्हणून शेतावरून ओढून आणण्यात आलं. ४ जुलै १९१० रोजी रेनोमध्ये जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवलं आणि त्याच रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या. मेलेल्यांत बहुतेक काळे होते. दोन वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने बॉक्सिंगच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच बंदी घातली. १९१५मध्ये हवानात जेस विलर्डने जॉन्सनला हरवल्यावर पुढची बावीस वर्षं एकही काळा बॉक्सर हेवीवेटचा जगज्जेता झाला नाही. गुण नव्हते म्हणून नव्हे. हॅरी विल्स वर्षानुवर्षं जॅक डेम्प्सीच्या दारात उभा होता. ती लढत कधी झालीच नाही. १९३७मध्ये जो लुईला संधी मिळाली, तीसुद्धा कशी? गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, पडलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून हसायचं नाही, असे धडे त्याच्या माणसांनी त्याला घालून दिल्यावर.

आणि हे सगळं आजोबांच्या काळातलं, असंही म्हणता येत नाही. ११ जून १९८२ची लॅरी होम्स विरुद्ध जेरी कूनी ही लढत बघा. होम्स चार वर्षं जगज्जेता होता. कूनीने त्याआधी तेरा महिने रिंगमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं, आणि त्याने लोळवलेली केन नॉर्टन, रॉन लाइल, जिमी यंग ही नावं मोठी असली तरी त्यांची उमेद केव्हाच सरली होती. तरी लढत विकली गेली ती 'गोऱ्यांची आशा' याच जुन्या लेबलावर. विकणारा होता डॉन किंग, स्वतः कृष्णवर्णीय. 'टाइम'च्या मुखपृष्ठावर सिल्व्हेस्टर स्टॅलोनशेजारी कूनी होता, होम्स नव्हता. रिंगमध्ये जगज्जेत्याचं नाव शेवटी पुकारायचं ही प्रथा. त्या रात्री होम्सचं नाव आधी घेतलं गेलं. लढत तेराव्या फेरीत थांबली आणि होम्स जिंकला. पण पंचांचे कागद पाहिले की पोटात गोळा येतो. बाराव्या फेरीअखेर दोन पंचांनी होम्सला ११३-१११ असं जेमतेम पुढे ठेवलं होतं. कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले गेले होते. ते कापले नसते, तर उभ्या लढतीत वरचढ राहिलेला जगज्जेता त्या दोन कागदांवर मागे असता.

हे वाचून कुणी म्हणेल, मग तुम्हीच आमचा मुद्दा सिद्ध केलात. नाही. यातून एवढंच सिद्ध होतं की वंशाचा वापर करून एखादी लढत प्रचंड चढ्या भावाने विकता येते. वंश नसेल तर खेळ विकला जात नाही, हे यातून निघत नाही. होम्स-कूनीच्या आगेमागेच्या सगळ्यात गाजलेल्या लढती कोणत्या? १९८१ची लेनर्ड-हर्न्स. १९८५ची हॅगलर-हर्न्स. १९८७ची लेनर्ड-हॅगलर. १९८८ची टायसन-स्पिंक्स. चारही लढतींत दोन्ही कोपऱ्यांत काळे बॉक्सर आणि समोर सर्व रंगांचा प्रेक्षक. माइक टायसनच्या काळात बॉक्सिंगला गोऱ्या प्रेक्षकाची ददात होती असं कुणी म्हणेल का? त्यानंतर सर्वाधिक पैसा ओढला फ्लॉइड मेवेदरने. पुष्कळांनी तो हरावा म्हणून पैसे मोजले हे खरं, पण मोजले.

उलटा प्रयोगही इतिहासाने करून ठेवला आहे. गोरा हेवीवेट विजेता आला की गोरा प्रेक्षक परतेल, हेच ना गृहीत? मग क्लिच्को बंधूंचं काय झालं? साधारण २००४पासून २०१५पर्यंत हेवीवेटवर या दोन युक्रेनी भावांचं राज्य होतं. उंचेपुरे, गोरे, डॉक्टरेट मिळवलेले, सभ्य. जर्मनीत त्यांनी फुटबॉलची मैदानं भरवली. अमेरिकेत लोक कंटाळले आणि त्यांच्या लढती दाखवण्यातला एचबीओचा रस हळूहळू संपला. आज हेवीवेटचा अव्वल बॉक्सर आहे ऑलेक्झांडर उसिक. तोही गोरा, तोही युक्रेनी, २०२४मध्ये टायसन फ्युरीला हरवून निर्विवाद विजेता झालेला. शिकागो किंवा डॅलसच्या रस्त्यावर त्याला किती जण ओळखतील? कातडीवर निष्ठा ठरत असती, तर ही वीस वर्षं अमेरिकन हेवीवेटचं सुवर्णयुग ठरायला हवी होती.

मुळात 'वांशिक निष्ठा' ही तयार सापडते, हाच गैरसमज आहे. ती घडवली जाते, कधी फार क्रूरपणे. मार्च १९७१मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर समोरासमोर आले तेव्हा दोघेही काळे, दोघेही तोवर अपराजित. तरी अमेरिका दोन तटांत फुटली: युद्धविरोधक, तरुण आणि बहुसंख्य काळे अलीच्या बाजूने, तर परंपरावादी गोरे फ्रेझरच्या बाजूने. फ्रेझर होता दक्षिण कॅरोलिनातल्या ब्युफोर्टजवळच्या एका गरीब शेतमजुराच्या घरातला, वर्णद्वेष अलीपेक्षा कदाचित जास्त जवळून भोगलेला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीवर बंदी असताना त्याला परवाना परत मिळावा म्हणून याच फ्रेझरने रदबदली केली होती. अलीने त्याला 'अंकल टॉम' म्हटलं, म्हणजे गोऱ्यांचा हुजऱ्या, आणि मनिलाच्या लढतीआधी तर 'गोरिला'. मी अलीला विसाव्या शतकातल्या थोर माणसांत धरतो, पण या गोष्टीला माझ्याकडे माफी नाही. शब्दांच्या जोरावर एका काळ्या माणसाला 'गोऱ्यांचा बॉक्सर' करून टाकता येतं, तर निष्ठा रक्तातून येते असं कसं म्हणायचं?

मेक्सिकन चाहत्यांचं उदाहरण विरोधकांना फार प्रिय आहे आणि वरवर ते भक्कमही आहे. फेब्रुवारी १९९३मध्ये हुलिओ सेसार चावेझला बघायला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये १ लाख ३२ हजारांहून अधिक लोक आले होते. मे आणि सप्टेंबरमधल्या मेक्सिकन सणांच्या शनिवार-रविवारी लास व्हेगासमध्ये आजही मोठी लढत ठेवतात, ती कुणासाठी हे सांगायला नको. पण याच चावेझसमोर १९९६मध्ये ऑस्कर डी ला होया उभा राहिला तेव्हा काय झालं? मेक्सिकन आईबापांचा मुलगा, पूर्व लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला, बार्सिलोना ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकल्यावर दोन्ही देशांचे झेंडे हातात घेतलेला. मेक्सिकन गर्दीने त्याची हुर्यो उडवली. वंश तोच, आडनावं त्याच भाषेतली, तरी तो त्यांना आपला वाटला नाही. फार देखणा, फार गुळगुळीत, चावेझसारखा मार खाऊन पुढे सरकणारा नाही. आता याच्या शेजारी गेनादी गोलोव्किनला ठेवा. कझाकस्तानचा, वडील रशियन, आई कोरियन वंशाची, स्पॅनिशचा गंध नाही. पण तो सतत पुढे चालून येऊन यकृतावर डावा हुक मारायचा आणि आपल्या पद्धतीला 'मेक्सिकन शैली' म्हणायचा. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि २०१७मध्ये तो कॅनेलोशी लढला तेव्हा अस्सल मेक्सिकन कॅनेलोला सोडून कित्येक जण त्याच्यासाठी ओरडत होते. या चाहत्यांची निष्ठा लढण्याच्या एका रीतीवर आहे. ती रीत त्यांनी बापाच्या, काकाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बघितली, आणि म्हणून ती लांबून ओळखता येते.

घसरणीचं गाऱ्हाणंसुद्धा बहुतांशी अमेरिकेपुरतं आहे, हे या वादात कुणी लक्षात घेत नाही. एप्रिल २०१७मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर नव्वद हजार लोकांसमोर अँथनी जोशुआने व्लादिमिर क्लिच्कोला पाडलं. जोशुआचे आईवडील नायजेरियन वंशाचे, समोरचा प्रतिस्पर्धी गोरा, आणि बहुसंख्य गोरी गर्दी कुणासाठी गात होती? ब्रिटनमध्ये वर्णद्वेष नाही असं कुणीही म्हणणार नाही. पण तिथल्या चाहत्याने जोशुआला लंडन ऑलिम्पिकपासून, सुवर्णपदकापासून, एकेक पायरी चढताना पाहिलं होतं. जपानमध्ये मे २०२४मध्ये नाओया इनोऊएने टोकियो डोम चाळीस हजारांहून अधिक लोकांनी भरवला, जिथे १९९०मध्ये टायसन बस्टर डग्लसकडून हरला होता.

मग अमेरिकेतच काय झालं? पन्नासच्या दशकात तिथे टीव्हीवर आठवड्यातल्या अनेक रात्री बॉक्सिंग असे. जिलेटने पुरस्कृत केलेला एनबीसीचा शुक्रवारचा कार्यक्रम १९६०पर्यंत चालला. त्या फुकट टीव्हीने गावोगावचे छोटे क्लब मारले, हेही तितकंच खरं. घरबसल्या चांगलं दिसतं तर चार पैसे देऊन गल्लीतल्या हॉलमध्ये कोण जाईल? पण निदान टीव्ही तरी होता. सत्तरच्या दशकात माँट्रियल ऑलिम्पिकमधून आलेल्या शुगर रे लेनर्डची पहिली व्यावसायिक लढत सीबीएसवर दिसली. १९७८च्या अली-स्पिंक्स लढती लोकांनी घरी बसून, एक पैसाही न देता पाहिल्या. लेनर्ड दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भेटायचा. तो काळा आहे की गोरा याच्या आधी तो 'परवा बघितलेला पोरगा' असायचा. नोव्हेंबर १९८२मध्ये, होम्स-कूनी झाली त्याच सीझर्स पॅलेसमध्ये, रे मॅन्सिनीच्या ठोशांनी कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांनी वारला. लढत सीबीएसवर थेट चालू होती. मोठ्या वाहिन्यांना आधीच या धंद्यातल्या घोटाळ्यांचा वीट आला होता. १९७७मध्ये एबीसीला एक आख्खी स्पर्धा बॉक्सर्सच्या खोट्या विक्रमांमुळे बंद करावी लागली होती. त्या पुढच्या काही वर्षांत वाहिन्यांनी काढता पाय घेतला. खेळ गेला आधी केबलवर, मग १९९१च्या होलीफील्ड-फोरमननंतर पे-पर-व्ह्यूवर. म्हणजे ज्याला आधीच आवड आहे त्यानेच पैसे देऊन बघायचं. ज्याला आवड लागायची होती, त्या दहा-बारा वर्षांच्या पोराचं काय?

विजेतेपदांची गत त्याहून वाईट. एके काळी आठ वजनगट आणि आठ जगज्जेते होते. आज सतरा गट आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना, म्हणजे एका वेळी अडुसष्ट पट्टे, वर पुन्हा 'सुपर', 'रेग्युलर', 'अंतरिम' अशी पिल्लं. ज्या खेळात खरा विजेता कोण हेच जाणकाराला चटकन सांगता येत नाही, तिथे नवख्याने कुणावर जीव लावायचा? मोठी लढत ठरलीच, तर ती शिळी होऊन ताटात येते. मेवेदर-पॅकियाओच्या वाटाघाटी फिसकटल्या २०१०च्या सुरुवातीला, लढत झाली मे २०१५मध्ये. मेवेदर अडतीस वर्षांचा, पॅकियाओ छत्तीसचा आणि खांदा दुखावलेला. शंभरेक डॉलर मोजून ४६ लाख घरांनी ती विकत घेतली आणि बारा फेऱ्या जांभया दिल्या. त्यात कितीतरी लोक पहिल्यांदाच बॉक्सिंगकडे वळले होते. क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स यांची लढत लोक कित्येक वर्षं मागत होते. झाली जुलै २०२३मध्ये. वेगवेगळ्या प्रमोटरांचे वेगवेगळ्या वाहिन्यांशी करार, हे विलंबाचं मोठं कारण, आणि त्याचा वंशाशी काडीचा संबंध नव्हता. २०१८मध्ये पंचेचाळीस वर्षांनी एचबीओने बॉक्सिंग सोडलं, २०२३मध्ये शोटाइमने.

इथे एक कठीण प्रश्न उरतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. हाच क्रॉफर्ड गोरा असता तर? मला वाटतं, त्याला लवकर आणि जास्त पैसे मिळाले असते. कूनीचं उदाहरण समोर असताना दुसरं काही म्हणता येत नाही. काळ्या बॉक्सरला अमेरिकेत आपुलकी मिळवायला दुप्पट वेळ लागतो. पण म्हणूनच त्याच्यासाठी ओळखीच्या वाटा उघड्या असणं दुप्पट गरजेचं आहे. ओमाहाने क्रॉफर्डला पुन्हापुन्हा गर्दी दिली, आणि नेब्रास्का हे बहुसंख्य गोऱ्यांचं राज्य आहे. ती माणसं त्याला ओळखत होती. बाकीच्या अमेरिकेने त्याला ओळखावं अशी सोय कुणी केली? ती झाली नेटफ्लिक्सवर, तो सदतीस वर्षांचा झाल्यावर. त्यानंतर तीन महिन्यांत तो निवृत्त झाला. यूएफसीचा दाखला देणाऱ्यांनीही हेच पाहावं. दागिस्तान, नायजेरिया, कॅमेरून इथून आलेल्या विजेत्यांना अमेरिकन प्रेक्षक बघतो, कारण तिथे एका गटाला एक पट्टा असतो आणि अव्वल माणसं एकमेकांशी लढतात. यूएफसी लढणाऱ्यांना मिळकतीतला फार थोडा वाटा देते, आणि तो अन्याय बॉक्सिंगने उचलू नये. पण प्रेक्षकाने वंशाची भिंत ओलांडली, हे तरी त्यातून दिसतंच.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटायला नको. मुंबईत एके काळी हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि 'द रेस्ट' अशा संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा होत असे. ब्रेबोर्न स्टेडियम तुडुंब भरायचं, तर रणजीच्या सामन्यांना त्या मानाने तुरळक माणसं. जमातींचं क्रिकेट बंद केलं तर तिकिटं कोण घेणार, असा सवाल तेव्हाही होता. १९४६मध्ये ती स्पर्धा बंद पडली. क्रिकेट बुडालं का? त्याच मुंबईने पुढे शिवाजी पार्क आणि दादर युनियनवर जीव टाकला, कारण तिथल्या मैदानांवर येता-जाता खेळाडू दिसत होते.

बॉक्सिंगमध्येही याचा पुरावा मुंबईत आहे, फक्त उलट बाजूने. ऑगस्ट २०१७मध्ये डोकलामवर भारत-चीन सैन्य समोरासमोर असताना वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढला. वातावरण युद्धाचं, घोषणा देशाच्या; विकायला याहून सोपी लढत मिळणार नव्हती. विजेंदर गुणांवर जिंकला आणि माइकवर म्हणाला की हा पट्टा मला नको, सीमेवर शांतता राहावी म्हणून मी तो झुल्पिकारला परत देतो. त्या क्षणी तो आपल्या प्रमोटरांपेक्षा मोठा होता. त्या रात्री भारतात व्यावसायिक बॉक्सिंग रुजलं असं बऱ्याच जणांना वाटलं. पण डिसेंबर २०१७मधली जयपूरची लढत आणि मार्च २०२१मध्ये पणजीत एका कसिनो जहाजाच्या गच्चीवर झालेला त्याचा पहिला व्यावसायिक पराभव, या दोन्हींच्या मध्ये विजेंदर फक्त दोनदा लढला, तेही परदेशात, अमेरिकेतल्या न्यूअर्कला आणि दुबईला. मध्ये करार होते, दुखापत होती, निवडणूक होती, महामारी होती. कारणं काहीही असोत; वरळीच्या गर्दीला जो माणूस आवडला होता, तो पुन्हा दिसलाच नाही, आणि त्याच्या मागून येणाऱ्या पोरांच्या लढती नियमित बघायला मिळतील अशी जागाही कुणी उभी केली नाही. राष्ट्राच्या नावावर एक रात्र भरली होती. दुसरी रात्र भरायला विजेंदरच लागला असता.